गिऱ्हाईक आधी दुकानदाराकडे पाहते, मग मालाकडे

बिरवाडीच्या बाजारात दोन प्रकारचे गिऱ्हाईक येते. एक आसपासच्या गावांतून आणि वाड्यांतून एस.टी.ने किंवा रिक्षाने उतरणारे. ते दुकानदाराला बापजाद्यांपासून ओळखते. कोणाचे तांदूळ चोख, कोणाची उधारी चालते आणि कोणाकडे पावशेर नेहमी थोडे कमी भरते, हे त्याला पाठ असते. दुसरे गिऱ्हाईक महाड एमआयडीसीतले. कोणी विदर्भातून आलेला, कोणी उत्तर प्रदेश-बिहारमधून, कोणी दोन वर्षांच्या ठेक्यावर आलेला सुपरवायझर. त्याला तुमचे खानदान ठाऊक नसते आणि तुमच्या वडिलांचा व्यवहारही ठाऊक नसतो. पाली सुटली की तो रस्त्याने चालत येतो, दोन-तीन दुकानांवरून नजर फिरवतो आणि एका दुकानात शिरतो. त्याच दुकानात का शिरला, असे विचारले तर त्यालाही नीट सांगता येणार नाही.

त्या एका नजरेत तो काय पाहतो, याचा विचार आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंनी करायला हवा. फलक पाहतो, मांडणी पाहतो, हे खरेच. पण सर्वांत आधी तो गल्ल्यावर बसलेला माणूस पाहतो.

पोशाखाच्या बाबतीत आमच्याकडे दोन टोके दिसतात. एक टोक म्हणते, 'माल चोख असला की झाले, कपडे कोण बघतो?' ही मंडळी मळकी बनियन आणि लुंगीवर दिवसभर गल्ल्यावर बसतात. दुसरे टोक आखातातून चार पैसे कमावून परतलेल्या तरुणांचे. दुकान टाकले की पहिल्या दिवसापासून कडक शर्ट, चकचकीत घड्याळ, मनगटावर साखळी. वाडीवरची म्हातारी उंबऱ्यावरच थबकते. हा भाव जास्त लावणार, असे तिला वाटते आणि ती पुढच्या दुकानात जाते. कपड्यांवर कमी खर्च केल्याने पहिल्याचे गिऱ्हाईक जाते, जास्त खर्च केल्याने दुसऱ्याचे. तेव्हा प्रश्न खर्चाचा नाही.

आजचा मळ आणि कालचा मळ

पिठाच्या गिरणीवाल्याच्या भुवया पिठाने पांढऱ्या झालेल्या असतात. त्यावर कोणी बोट ठेवत नाही. उलट गिरणीवाला अगदी स्वच्छ दिसला तर आज गिरणी बंद आहे की काय, असे वाटेल. गॅरेजवाल्याच्या हाताला काळे ऑईल असणारच. रंगाऱ्याच्या पँटवर रंगाचे शिंतोडे असणारच आणि गवंड्याच्या पायाला सिमेंट लागलेले असणारच. हा मळ त्या त्या धंद्याचा आहे आणि तो आजच्या कामाचा आहे. गिऱ्हाईक त्याला नावे ठेवत नाही.

नावे ठेवली जातात ती दुसऱ्या मळाला. गिरणीवाल्याच्या सदऱ्यावर पानाची पिंक असेल तर ती पिठाच्या धंद्याची नव्हे. गॅरेज सकाळी नऊला उघडले आणि मेस्त्रीच्या अंगावर परवाचेच ऑईल वाळून कडक झाले असेल, तर तो कामाचा मळ राहत नाही, आळसाचा होतो. हा स्वतःचे कपडे धूत नाही, मग माझ्या गाडीचा एअर फिल्टर काय साफ करणार, एवढा हिशोब गिऱ्हाईक न बोलता करते.

आमच्या मेस्त्री मंडळींनी एक साधी गोष्ट लक्षात ठेवावी. ट्रायल घेण्यासाठी गिऱ्हाइकाच्या गाडीत बसण्यापूर्वी सीटवर जुना टॉवेल किंवा वर्तमानपत्र टाकावे आणि स्टिअरिंग धरण्याआधी हात चिंधीला पुसावेत. स्वतःच्या कपड्यांवरचे डाग गिऱ्हाईक माफ करते, आपल्या सीटवरचे करत नाही.

शिंप्याची गोष्ट सर्वांत वेगळी. त्याच्या अंगावरचा कपडा हाच त्याचा नमुना असतो. उसवलेल्या खिशाचा सदरा घालून मशीनवर बसलेल्या टेलरकडे लग्नाचा सूट कोण टाकील? घरात बसून ब्लाऊज, पंजाबी ड्रेस आणि बुरखे शिवणाऱ्या आमच्या भगिनींनाही हे लागू आहे. दारात कापड घेऊन आलेली बाई आधी शिवणारीच्या बाहीची शिलाई पाहते आणि मग माप देते.

मन्याराचा धंदा त्याहून नाजूक. बांगड्या भरताना परक्या बाईचा हात हातात घ्यावा लागतो, आणि समोर तिची सासू किंवा नवरा बसलेला असतो. जुने मन्यार नखे कापलेली, हात धुतलेले, सदऱ्याची बटणे गळ्यापर्यंत लावलेली आणि नजर बांगडीवर ठेवून बसत. ही अदब त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकवली नव्हती. ती नसती तर गावात पायच ठेवू दिला नसता, हे त्यांना ठाऊक होते.

कोकणातला पाऊस आणि ओला सदरा

महाड-पोलादपूरच्या पावसात पांढरा कपडा सांभाळणे म्हणजे परीक्षाच. जून ते सप्टेंबर कपडा वाळत नाही, वाळला तरी त्याचा कुबट वास जात नाही आणि कपाटात ठेवला तर बुरशीचे काळे ठिपके पडतात. दुकानात शिरताक्षणी हा वास गिऱ्हाइकाला येतो. गल्ल्यावर बसलेल्याला येत नाही, कारण तो त्यातच बसलेला असतो. पावसाळ्यात दुकानासाठी दोन नव्हे, तीन जोड असावेत. ते पातळ टेरिकॉटचे आणि गडद किंवा मध्यम रंगाचे असले तर लवकर वाळतात आणि चिखलाचा शिंतोडा उठून दिसत नाही. घरात चूल असेल तर रात्री दोरी तिच्यावर, पण धुरापासून लांब बांधावी. इस्त्री केवळ शोभेसाठी नसते. तिच्या उष्णतेने राहिलेली ओल निघून जाते.

वासावर उपाय म्हणून अत्तर चोपडणे हा आमच्याकडचा आवडता मार्ग. अत्तर लावण्याला हरकत नाही, ते सुन्नतही आहे. पण किराणा दुकानदाराने आणि बेकरीवाल्याने हात आखडता ठेवावा. चहापत्ती, तांदूळ, बिस्किटे भोवतालचा वास शोषून घेतात. घरी नेलेल्या चहाला खसचा वास आला तर गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही, आणि का आले नाही हे सांगायलाही येणार नाही.

खाण्याच्या वस्तूंचा धंदा करणाऱ्यांना पोशाख हा केवळ पसंतीचा विषय राहिलेला नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्याखालील नियमांप्रमाणे अन्न हाताळणाऱ्याचे कपडे स्वच्छ हवेत, डोके झाकलेले हवे, नखे कापलेली हवीत, जखम असेल तर ती झाकलेली हवी, आणि कामाच्या जागी थुंकणे किंवा विडी-सिगारेट ओढणे चालत नाही. वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीही करून घ्यावी लागते. चिकन आणि मटण विकणाऱ्या बंधूंनी ॲप्रनचा विचार याच अंगाने करावा. तो सकाळी एक आणि दुपारनंतर दुसरा, असा बदलावा. रक्ताने माखलेला ॲप्रन घालून शेजारच्या टपरीवर चहा प्यायला जाणे हा तर आपल्याच हाताने धंदा घालवण्याचा प्रकार आहे. शाकाहारी शेजाऱ्याच्या मनात त्याने जी अढी बसते ती वर्षानुवर्षे निघत नाही.

कारखान्याच्या फाटकावर

एमआयडीसीतील कारखान्यांची फॅब्रिकेशनची, पाईपची, रंगाची, वायरिंगची किरकोळ कामे घेणारे आमचे अनेक तरुण आहेत. ऑर्डर मागायला जाताना ते लग्नाला जावे तसे जातात. पॉलिस्टरचा झगमगीत शर्ट, पायात चप्पल किंवा टोकदार बूट, गळ्यात रुमाल. मुलाखत देणाऱ्याला हा वेश चालेल, काम मागणाऱ्या मेस्त्रीला नाही. समोरचा इंजिनिअर कपड्यांची किंमत पाहत नाही. या माणसाला कारखान्याची माहिती आहे का, हे तो पाहतो.

रासायनिक कारखान्यात सुती कपडा का मागतात, हे ठाऊक असावे. नायलॉन आणि पॉलिस्टरच्या कपड्यात घर्षणाने स्थिर वीज साठते. द्रावकांची वाफ असलेल्या जागी तिची एक ठिणगी पुरते. आणि आग लागलीच तर असा कपडा वितळून कातडीला चिकटतो. सैल बाही, लोंबणारा रुमाल, अंगठी आणि साखळी फिरत्या यंत्रात अडकतात. पायात सेफ्टी शूज का लागतात, ते सांगायला नको. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाड एमआयडीसीतल्याच एका औषध कारखान्यात लागलेल्या आगीत अकरा जणांचा जीव गेला. त्यानंतर फाटकावरची नजर अधिक कडक झाली असेल तर त्यात नवल नाही. जाड सुती शर्ट, सुती पँट, बंद बूट आणि स्वतःचे हेल्मेट घेऊन जाणाऱ्या ठेकेदाराला बोलणे सुरू करण्याआधीच निम्मे काम मिळालेले असते. जो आपल्या कारागिरांनाही असेच कपडे देतो, त्याला पुढचे काम शोधावे लागत नाही.

घरोघर जाणाऱ्या वायरमन आणि प्लंबरचे फाटक वेगळे. कोकणातल्या घराला अंगण, पडवी, ओटी, माजघर अशा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला परवानगी लागते. चपला अंगणात, ओली छत्री पडवीत, आणि माजघरात शिरण्याआधी 'ताई, आत येऊ का?' एवढे विचारणे, हाही पोशाखाचाच भाग समजावा. देवघराच्या बाजूने वायर न्यायची असेल तर घरच्यांना विचारूनच न्यावी. पायमोजे फाटके असतील तर ते घालू नयेत, अनवाणी बरे.

टोपी ठेवावी की काढावी?

आता ज्या प्रश्नावर आमच्यात घरोघर कुजबुज चालते, त्याविषयी उघड बोलू. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या दिवसांत, मुस्लिम फळ-भाजी विक्रेत्यांविषयी ठिकठिकाणी खोट्यानाट्या अफवा पसरल्या आणि अनेकांच्या हातगाड्या रिकाम्या हाताने परतल्या. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडमध्ये कावड यात्रेच्या मार्गावरील खाणावळींना मालकाचे नाव लावायला सांगितले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै रोजी त्याला स्थगिती दिली आणि कोणते अन्न मिळते हे लिहिणे पुरे, असे म्हटले. अशा बातम्या मोबाईलवरून बिरवाडीपर्यंत पोहोचतातच. मग एखादा तरुण विचारतो, गल्ल्यावर बसताना टोपी काढून ठेवली तर बरे नाही का?

टोपी घालायची की नाही, दाढी ठेवायची की नाही, हा ज्याचा त्याचा आणि त्याच्या रब्बचा मामला आहे. तो बाजाराने ठरवू नये. पण केवळ धंद्याच्या हिशोबाने पाहिले तरी उत्तर वेगळे निघत नाही. मुंबईच्या डबेवाल्यांकडे पाहा. १८९० च्या सुमारास हा धंदा सुरू झाला. पांढरी टोपी ही त्यांची ओळख, आणि ती न घातल्यास संघटना दंड करते. कोणी अनोळखी डबेवाला दाराशी उभा राहिला तरी घरची बाई पावती न मागता त्याच्या हाती डबा देते. टोपीत जादू नाही. त्या टोपीखालच्या माणसाने इतकी वर्षे डबा वेळेवर पोहोचवला, ही ती जादू. कोकणात 'बोहऱ्याचे दुकान' म्हटले की खिळे-पत्रे-रंग-काचा, आणि सोनेरी काठाची पांढरी टोपी डोळ्यांपुढे येते. ती टोपी पाहून गिऱ्हाईक पळाले नाही. माल मिळण्याची खात्री म्हणून ते आत शिरले.

गिऱ्हाइकाचा भरवसा उडतो तो वेश बदलण्याने. वाडीतल्या हिंदू गिऱ्हाइकासमोर एक रूप, मोहल्ल्यातल्या गिऱ्हाइकासमोर दुसरे, आणि बँकेत तिसरे, असे करणारा माणूस तिन्ही ठिकाणी संशयास ठरतो. गाव लहान आहे, तीन्ही ठिकाणचे लोक एकाच एस.टी.त बसतात. वीस वर्षे टोपीत पाहिलेल्या चाचांनी एकाएकी ती काढली तर शेजारचा दुकानदारच विचारील, 'काय झाले?'

मात्र याची दुसरी बाजूही आहे आणि ती आम्हालाच ऐकावी लागेल. मराठीत फसवण्याला 'टोपी घालणे' म्हणतात. वाक्प्रचार कुठल्याही समाजाच्या टोपीचा नाही, पण आमच्या टोपीला तो लागू होऊ देणे न देणे आमच्या हातात आहे. टोपी घालून वजनात मारणारा एक दुकानदार बाकीच्या पन्नास टोप्यांचा भाव उतरवतो. आणि मोठ्या प्रमाणावर काय घडू शकते, ते बंगळूरला दिसले. तेथील आय मॉनेटरी ॲडव्हायझरी या कंपनीने व्याज नव्हे, हलाल नफा, असे सांगून हजारो मुस्लिम कुटुंबांच्या ठेवी घेतल्या. दाढी, टोपी, दीनी भाषा, सगळे काही होते. जून २०१९ मध्ये तिचा प्रमुख देश सोडून गेला आणि जुलैमध्ये दिल्ली विमानतळावर त्याला अटक झाली. विधवांचे दागिने आणि मुलींच्या लग्नाचे पैसे त्यात अडकले. त्या ठेवीदारांनी हिशोबाची कागदपत्रे तपासली नाहीत, त्यांनी वेश पाहिला. दिसते तसे नसते, हे आम्हाला आमच्याच माणसांकडून शिकावे लागले. गिऱ्हाईक म्हणून आम्हीही तेवढेच भोळे आहोत.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. हदीस ग्रंथांत ही हकिकत आहे. ज्या मुलखात चार महिने पाऊस कोसळतो तेथील तांदळाच्या व्यापाऱ्याला ती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. वरचा सुका तांदूळ हा ढिगाचा पोशाखच होय. इमाम अबू हनीफा (मृत्यू हिजरी १५०) कूफ्याच्या बाजारात कापडाचा व्यापार करीत आणि स्वतः उत्तम कपडे वापरीत. एकदा त्यांच्या भागीदाराने दोष असलेला कपडा दोष न सांगता विकला गेला. गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामांनी त्या मालाची सारी रक्कम दान केली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

जुने असले तरी चालेल

नव्या कपड्यांना पैसे कुठून आणायचे, हा हातगाडीवाल्याचा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर आमच्याच तालुक्यात, बिरवाडीपासून हाकेच्या अंतरावर, महाडात दिले गेलेले आहे. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची सत्याग्रह परिषद महाडला भरली, तेव्हा मंडपासाठी कोणी जागा देईना. ती फत्तेखान नावाच्या एका मुस्लिम गृहस्थाने दिली. त्या परिषदेला आलेल्या स्त्रियांशी बोलताना बाबासाहेबांनी पोशाखाचा विषय काढला. ठिगळे असली तरी हरकत नाही, पण लुगडे स्वच्छ असू द्या, आणि ज्या वेशावरून, ज्या जड दागिन्यांवरून तुम्हाला कमी लेखले जाते तो टाकून द्या, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. ज्यांना पाण्याला हात लावू दिला जात नव्हता त्यांना हे सांगितले गेले. आम्हाला नळ आहे, साबण आहे, तरी सबबी संपत नाहीत.

ज्यांच्याकडे कामाला माणसे आहेत त्यांच्यासाठी शेवटचे. गिऱ्हाइकाची गाठ पुष्कळदा मालकाशी पडत नाही, माल काढून देणाऱ्या पोराशी पडते. त्याला वर्षाला दोन जोड कपडे दुकानाच्या खर्चातून शिवावेत. तो खर्च दुकानाच्या वहीत लिहावा, पगारातून कापू नये. आणि ते त्याच्या मापाचे शिवावेत. मालकाचा उतरलेला शर्ट पोराच्या गुडघ्याला टेकलेला असतो, तो गिऱ्हाइकाला दिसतो आणि तो कोणाचा हेही कळते.